“खाली सगळा काळा पाषाणच आहे, मातीपरीक्षण कशाला?” या समजुतीला उत्तर

घर असो, अपार्टमेंट असो, बंधारा असो की पाझर तलाव, कोल्हापुरात पायाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. थोडक्यात तो असा: आपल्याकडे सगळीकडे चार-पाच फुटांवर कातळ लागतो, काळ्या पाषाणासारखा पाया नाही, त्यातून पाण्याचा थेंब जात नाही, दख्खनचं पठार स्थिर, त्यामुळे भूकंपाची भीती नाही, राधानगरी धरण बिनतपासणीचं उभं आहे, म्हणून बोअर घेणं (जमिनीत खोल भोक पाडून थर तपासणं) हा निव्वळ वाढीव खर्च. यावर विसंबून लोक खरोखरच पाये भरतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“सगळीकडे कातळ आहे.” जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्टचा आहे, एवढं खरं. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा एका दमात आलेला नाही, प्रवाहावर प्रवाह साचत गेले. एकाच प्रवाहात खालच्या बाजूला घट्ट काळा पाषाण, वर बुडबुड्यांच्या भोकांचा मांजऱ्या, आणि दोन प्रवाहांच्या मध्ये काही ठिकाणी लाल गेरूचा थर असतो. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीकडच्या माथ्यांवर जांभा आहे. पंचगंगेच्या काठाला काळी माती आणि गाळ काही मीटर जाडीचा असू शकतो, वर शहरात जुने भराव. शेजारच्या विहिरीला दगड कुठे लागला, यावरून आपल्या प्लॉटचा पाया ठरत नाही.

“कातळ लागला” हे पहारीच्या आवाजावरून ठरवतात, तिथेही फसगत होते. बेसाल्ट झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सोलला जातो. मधे टणक गोटा राहतो आणि भोवती मुरूम. गोटा मोठा असेल तर पहार खणखणते, बोअरचं यंत्र अडखळतं, आणि नोंद होते “हार्ड रॉक”. गोट्याखाली पुन्हा मऊ मुरूमच असतो. म्हणून खडक लागल्यावर थांबायचं नाही, निदान ३ मीटर आत जाऊन सलग खडकाची खात्री करायची. इमारतीच्या कामात शंका असलेल्या कॉलमखाली जॅकहॅमरने खोल भोक पाडून पाहणं हा स्वस्त उपाय आहे. पण त्यात नमुना मिळत नाही, फक्त भोक पडण्याचा वेग आणि बाहेर येणाऱ्या भुकटीचा रंग कळतो.

“पाषाणातून पाणी जात नाही.” या मजकुरातलं सर्वांत घातक वाक्य हेच. हातातला तुकडा पाणी आरपार जाऊ देत नाही, पण धरण तुकड्यावर उभं राहत नाही. घट्ट पाषाण थंड होताना आकसतो, त्यात उभे-आडवे सांधे पडतात आणि पाणी त्या सांध्यांतून धावतं. उलट ज्याला लोक कच्चा म्हणतात त्या मांजऱ्याची भोकं पांढऱ्या झिओलाइटसारख्या खनिजांनी भरलेली असतात आणि सांधे कमी असतात, त्यामुळे पाणी अडवायला तो पुष्कळदा जास्त चांगला ठरतो. कठीणपणा आणि पाणी अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तलावाच्या जागी काळा पाषाण दिसला म्हणून बांधाखालचा पाणी अडवणारा खंदक तिथेच थांबवला, तर पहिल्याच पावसात खालच्या शेतात झरे फुटायला लागतात.

पाणी किती जाईल याचा अंदाज करायचा नसतो, मोजायचं असतं. बोअरचा साधारण ३ मीटरचा टप्पा पॅकरने (भोकात घट्ट बसणाऱ्या बुचाने) बंद करून दाबाखाली पाणी सोडतात. १० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला दर मीटर लांबीत मिनिटाला १ लिटर पाणी गेलं, तर ते १ लुजॉन. आकडा मोठा आला तर सिमेंटचं ग्राउटिंग (पातळ सिमेंट दाबाने फटींत भरणं): आधी ६ मीटर अंतरावर भोकं, मग मधे ३ मीटरवर, तरीही सिमेंट खात असेल तर आणखी मधे. दाब बेताचाच ठेवावा लागतो. आडव्या सांध्यांत जादा दाब गेला तर वरचा थर उचलला जातो आणि जी वाट बुजवायची ती रुंद होते.

अमेरिकेत आयडाहो राज्यातलं टिटन धरण ज्वालामुखी खडकावरच होतं. त्या खडकाच्या फटी खंदकातल्या बारीक, सहज वाहून जाणाऱ्या मातीला लागून होत्या. पाणी फटींतून गेलं, माती घेऊन गेलं, आणि ५ जून १९७६ ला पहिल्या भरणीतच धरण फुटलं.

“पाषाणाइतका भक्कम पाया नाही.” घट्ट बेसाल्ट नेहमीच्या काँक्रीटच्या कित्येक पट दाब सोसतो. मात्र दगडी किंवा काँक्रीटचं धरण चिरडून पडण्यापेक्षा घसरण्याची भीती जास्त. मागून पाणी ढकलतं आणि पायात शिरलेलं पाणी खालून उचलतं. ३० मीटर पाण्याचा तळाशी दाब चौरस मीटरला सुमारे ३० टन असतो. तो पायाखाली पोचला की धरणाचं वजन तेवढं हलकं होतं. अशा वेळी पायाच्या खाली दोन-चार मीटरवर हातभर गेरूचा आडवा थर असेल, तर वरचा पाषाण कितीही टणक असला तरी तो त्या थरावरून सरकू शकतो.

हा थर बोअरमध्ये दिसत नाही, तो धुऊन जातो. एकेरी नळीच्या बॅरलने (खडकाचा नमुना कापून आणणाऱ्या नळीने) खोदलं की पाण्याबरोबर गेरू निघून जातो आणि गाभ्याच्या (बोअरमधून निघालेल्या दगडी नमुन्याच्या) पेटीत फक्त टणक तुकडे राहतात. म्हणून दुहेरी नळीचं बॅरल हवं, आणि हरवलेल्या गाभ्याची नोंद सापडलेल्या गाभ्याइतकीच काळजीपूर्वक वाचायला हवी. १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज भागिले खोदलेली लांबी, म्हणजे आरक्यूडी, खडक किती सलग आहे याचा आकडा. हा आकडा एखाद्या टप्प्यात एकदम कोसळला, पाण्याचा रंग लाल झाला किंवा परत येणारं पाणी थांबलं, तर तीच खोली नीट तपासायची. काही प्रकारचा बेसाल्ट उघडा पडल्यावर हवा-पाण्याने भुगा होतो. तो खणून उघडा ठेवायचा नाही, लगेच काँक्रीटने झाकायचा.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचं दुखणं आणखी निराळं. पिलर कातळावर असतात आणि बहुधा टिकतात. नदी फोडते ती काठ. बर्गे (पिलरांमध्ये बसवून पाणी अडवणाऱ्या फळ्या) वेळेत निघाले नाहीत किंवा बाजूची भिंत काठाच्या मातीत पुरेशी आत नेली नसेल, तर पुराचं पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठ खाऊन टाकतं. खालच्या बाजूला पडणारं पाणी सांधे असलेल्या कातळाचे ठोकळे उपटतं, म्हणून तळाचं संरक्षण पिलरइतकंच महत्त्वाचं.

“इकडे भूकंप होत नाही.” ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सहा रिश्टरहून मोठा होता, आणि कोयनानगर कोल्हापूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तिथलं कोयना धरण बेसाल्टवरच होतं. ते टिकलं, पण जिथे उतार बदलतो त्या उंचीवर त्याला आडव्या भेगा पडल्या आणि नंतर मजबुतीकरण करावं लागलं. १९९३ चं किल्लारीही दख्खनच्या पठारावरच. आयएस १८९३ या भूकंपासंबंधीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात कोल्हापूर झोन तीनमध्ये आहे.

“राधानगरीला कुठे तपासणी होती?” शाहू महाराजांनी हाती घेतलेलं हे धरण त्यांच्या हयातीत पूर्ण झालं नाही, ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं. त्या पिढीच्या दगडी धरणांत पायाचा खंदक खोरंभर उघडा करून खडक डोळ्यांनी पाहत, हातोडीने ठोकत, मगच पहिला थर रचत. तीही तपासणीच होती. आणि जी जुनी धरणं फुटली ती आज दाखवायला उरलेली नाहीत: फ्रान्सचं बूझे १८९५ साली फुटलं, तेव्हापासून पायाखालून उचलणाऱ्या पाण्याचा हिशेब डिझाइनमध्ये येऊ लागला.

राहिला खर्च. आयएस १८९२ या पायाच्या तपासणीच्या भारतीय मानकानुसार सुमारे ०.४ हेक्टरच्या इमारतीच्या जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक बोअर पुरतात. लहान घराला मधला एकही चालतो. काळी माती निघाली तर फुगवट्याची चाचणी घ्यावी. त्यावरून ठरतं की पाया मातीच्या फुगण्या-आकसण्याच्या थराखाली न्यायचा, की अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले जमिनीतले खोल खांब) घ्यायच्या. पाइल घेतल्या तर प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या तुळईखाली) ८० मिलिमीटर पोकळी ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात फुगलेली माती बीम उचलते. प्लिंथमध्ये खणलेली काळी मातीच परत भरली तर पाया खोल असूनही फरशी उचकटते. आणि निम्मे कॉलम कातळावर, निम्मे भरावावर असतील तर भिंतीत तिरक्या भेगा पडतात. सगळे फुटिंग (कॉलमचे पाये) एकाच थरावर न्यायचे किंवा इमारतीला तिथे सांधा द्यायचा.

कंत्राटदाराकडून अहवालासोबत गाभ्याच्या पेट्यांचे खोली लिहिलेले फोटोही मागून घ्यावेत, आणि काँक्रीट ओतण्याआधी उघड्या पायावर इंजिनिअरची सही.