चिकटपट्टी आणि केशर

चिकटपट्टीचे सुटलेले टोक दिसले की ते धरून ओढावे, ही माणसाची फार जुनी खोड आहे. नव्या मोबाइलच्या काचेवरचे पातळ आवरण असो, कुरिअरने आलेले खोके असो किंवा बोटावरची मलमपट्टी असो, आपले हात अशा वेळी आपल्या ताब्यात राहत नाहीत. पाळलेल्या सापाच्या अंगाला चिकटलेली खाकी टेप काढताना मात्र हीच खोड घरातल्या सर्वांना एकाच वेळी आवरावी लागते, आणि कोथरूडमधल्या आमच्या घरात सापाला आवरण्यापेक्षा ते काम कितीतरी अवघड गेले.

साप माझा नव्हे, भाच्याचा. वाचकांचा गैरसमज होण्यापूर्वीच सांगतो, की नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. केशर ही मूळची अमेरिकेतली, बिनविषारी, कॉर्न स्नेक जातीची. नारिंगी अंगावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके असलेली, दिसायला खरोखर देखणी. भाचा हिमालयात ट्रेकला गेला आणि जाताना केशरला तिच्या काचेच्या पेटीसकट आमच्या दिवाणखान्यात ठेवून गेला. झाकणाला बारीक फट होती, ती त्याने जाण्यापूर्वी आतून टेप लावून बुजवली होती. सापाच्या पेटीत फट असू नये हे खरे. पण त्या फटीवर टेप तर मुळीच असू नये, कारण रात्रभर नाक खुपसून वाट शोधणे हाच सापाचा उद्योग असतो आणि त्याला मागे सरकण्यापेक्षा पुढे रेटणे अधिक मानवते. त्यामुळे सापडलेली टेप सुटत नाही, उलट अंगभर पसरते.

सकाळी पाहिले तेव्हा केशरच्या पाठीवर वीतभर टेप चिकटलेली होती आणि तिचे मोकळे टोक वळून तिच्याच पोटाला लागले होते.

"अहो, एका झटक्यात ओढा, म्हणजे तिला कळणारसुद्धा नाही," सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच उपाय सांगितला.

हा उपाय माणसाच्या बाबतीतही फसवाच आहे. सापाच्या बाबतीत तो घातक आहे. सापाचे खवले घरावरच्या कौलांसारखे डोक्याकडून शेपटीकडे एकावर एक बसवलेले असतात. कोरडी टेप उलट्या दिशेने ओढली तर खवले उचकटतात आणि खालची कातडी फाटते. भाच्याच्या ओळखीच्या पशुवैद्य बाईंनी फोनवर हे इतक्या ठामपणे बजावले, की मी नकळत दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. तेल लावा, थांबा, टेप स्वतःहून सैल होऊ द्या, मग शेपटीच्या दिशेने सावकाश उलगडा, आणि टेप डोळ्याला, तोंडाला किंवा नाकपुडीला लागली असेल तर हात न लावता थेट दवाखान्यात आणा, असे त्यांचे म्हणणे होते. सुदैवाने आमचे प्रकरण मानेच्या बरेच खाली होते.

सौभाग्यवतींनी मग रॉकेल सुचवले, कारण तुळशीबागेतून आणलेल्या भांड्यांवरची लेबले त्या वर्षानुवर्षे त्यानेच काढत आल्या आहेत. ते नाकारल्यावर नेलपॉलिश काढण्याचे द्रावण पुढे आले. पशुवैद्य बाईंनी दोन्ही बाद केले. असली द्रावणे कातडीला जाळतात आणि त्यांच्या वाफा श्वासात जातात. सापाचे डावे फुप्फुस तर नाममात्रच असते आणि बहुतेक सारा कारभार उजव्या, लांबलचक फुप्फुसावर चालतो. याच कारणाने त्याला मुठीत आवळूनही धरायचे नसते.

राहिले खोबरेल तेल. परंतु डिसेंबरातल्या पुण्यात सकाळी खोबरेल तेल ही द्रव वस्तू नसते. सुमारे चोवीस अंशांखाली ते थिजते आणि बाटली उलटी करून कितीही आर्जवे केली तरी थेंब सोडत नाही. केशरच्या पेटीची एक बाजू दिव्याने तीस अंशांच्या आसपास तापवलेली असते, तेव्हा बाटली तिथेच ठेवावी असे मी सुचवले. पण ज्या बाटलीतून आपल्या डोक्याला तेल लागते ती सापाशेजारी ठेवण्यास घरात एकमुखी विरोध झाला. एकमुखी म्हणजे सौभाग्यवतींचा. अखेर लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल वाटीत आले. हे तेल इतके महाग असते, की पाहुण्यांसाठी केलेल्या भाजीतही ते जपून पडते. "बाहेरचं रिफाइंड त्या मुक्या जीवाला कशाला?" असे म्हणून त्यांनी स्वतः इअरबड हातात घेतला, तेव्हा मी थक्क झालो.

प्रथम बोथट टोकाच्या कात्रीने टेपचा लोंबता भाग कापला, म्हणजे तो आणखी कुठे चिकटायला नको. मग मी केशरला दोन्ही तळव्यांवर आडवे तोलून धरले आणि सौभाग्यवती टेपच्या कडेने तेल सोडत गेल्या. घाबरलेला साप एक उग्र वासाचा द्रव सोडतो, याचा उल्लेख फोनवर झाला नव्हता. तो माझ्या बाहीवर झाला. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, त्यामुळे या सर्व काळात ती माझ्याकडे एकटक पाहत होती आणि मला उगाचच आपली झडती चालली आहे असे वाटत होते.

खरी परीक्षा यापुढची. तेल मुरेपर्यंत काहीही करायचे नव्हते, आणि काहीही न करणे आमच्या घराण्यात कुणाला जमलेले नाही. टेपची कड किंचित उचलली गेली की सौभाग्यवतींची चिमूट पुढे यायची आणि मी "थांब!" म्हणून ओरडायचो; थोड्या वेळाने माझाच अंगठा पुढे सरकायचा आणि त्या माझ्या मनगटावर चापटी मारायच्या. त्यातच शेजारचे काका वर्तमानपत्र मागायला आले. त्यांनी सोफ्यावर बसून सारे पाहिले आणि म्हणाले, "नीलिमकुमार खैऱ्यांनी याच पुण्यात १९८० साली बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काढले होते. तुम्हाला एक बिनविषारी झेपेना?" खैऱ्यांच्या सापांना टेप लागलेली नव्हती, हे उत्तर मला ते गेल्यावर सुचले.

टेप निघाली ती अशी: एक बोट कातडीवर हलके दाबून ठेवायचे, टेप उभी न उचलता तिच्यावरच मागे दुमडत न्यायची, अडली की थांबून आणखी तेल. रेषा रेषा करत ती मागे सरकत गेली. शेवटी हातात आलेल्या पट्टीच्या चिकट बाजूवर खवल्यांची नक्षी जशीच्या तशी उमटली होती, आणि केशरच्या पाठीवर एकही ओरखडा नव्हता.

त्यानंतर कोपर बुडवून पाहिलेल्या कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून तिचे तेल उतरवले. हे टाळता येत नाही. तेलकट साप पेटीत अंथरलेल्या नारळाच्या भुश्यात सोडला तर भुसा अंगभर चिकटतो. मात्र तेलकट साप हातात राहतही नाही, हे सोफ्यामागे गेलेल्या केशरने आम्हाला सप्रमाण दाखवून दिले. पशुवैद्य बाईंनी फोटो पाहून समाधान व्यक्त केले, पुढची कात नीट उतरते का ते पाहा आणि एवढ्यात खायला देऊ नका म्हणाल्या. भाच्याने परत आल्यावर झाकणाला धातूच्या क्लिपा बसवल्या.

काकांनी मात्र ती काढलेली पट्टी मुद्दाम मागून घेतली, उजेडात धरली, बोटाला लावून पाहिली आणि निर्णय दिला, "टेप हलक्या प्रतीची आहे, म्हणून निघाली."