एफएसआय मोकळा सोडला की नाशिकमध्ये घरं स्वस्त होतील?

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणे घरं महाग आणि लहान होत चाललीत कारण शासन एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) देत नाही, एफएसआय मोकळा सोडा, डीपीतली म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातली आरक्षणं उठवा, २० टक्के छोट्या घरांची सक्ती काढा, मग सगळं आपोआप स्वस्त होईल. राग समजतो, पगारदार माणसाला आज पाथर्डी फाट्यालाही टू बीएचके घेताना घाम फुटतो. पण दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे असं व्हायला नको म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"एफएसआय मिळतच नाही." मिळतो की. डिसेंबर २०२० पासून युडीसीपीआर ही राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, दाट वस्तीच्या बाहेर बेसिक १.१, त्यावर शासनाला पैसे भरून प्रीमियम एफएसआय आणि बाजारातून टीडीआर (आरक्षणात जागा देणाऱ्याला मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेतला तर ३० मीटरच्या रस्त्यावर ३ पर्यंत जाता येतं, निवासी बांधकामाला जिने, लिफ्ट, बाल्कनीसारख्या जागांसाठी ६० टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी आणखी वेगळा. गाडी अडते ती रस्त्यावर. समोरचा रस्ता ९ मीटरच्या आत असेल तर प्रीमियमही नाही आणि टीडीआरही नाही. म्हणजे ३०० चौरस मीटरचा प्लॉट साडेसात मीटरच्या रस्त्यावर असेल तर ३३० चौरस मीटर, तोच १२ मीटरच्या रस्त्यावर असेल तर ६७५, ॲन्सिलरी धरलाच नाही अजून. आणि आपल्या जुन्या लेआउटमध्ये ६ आणि साडेसात मीटरचे रस्ते किती आहेत ते वेगळं सांगायला नको, कपाट प्रकरणात, म्हणजे कपाटांची जागा एफएसआयबाहेर बांधल्याच्या वादात, पूर्णत्वाचा दाखला अडकून किती कुटुंबं लटकली होती ते शहराने बघितलंय. मग अरुंद रस्त्यावरही सरसकट द्या असं कोणी म्हणेल, पण त्या गल्लीत अग्निशमनची गाडी वळणार कशी आणि ड्रेनेजची लाइन तेवढीच राहिली तर काय होणार, याचं उत्तर मेसेजमध्ये नाही.

"एफएसआय वाढला की दर उतरतो." इथे माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. जमिनीचा भाव ठरतो तिच्यावर किती बांधून विकता येईल यावर, त्यामुळे नियम बदलल्याची बातमी आली की पहिल्यांदा जागामालकाचा आकडा वाढतो, फ्लॅट घेणाऱ्यापर्यंत काही पोचायच्या आधीच. त्यात प्रीमियम रेडीरेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जमीनदराच्या) हिशोबाने भरायचा, टीडीआर बाजारभावाने घ्यायचा, हे सगळं शेवटी तुमच्या ॲग्रीमेंटमध्येच येतं. हो, भरपूर जमीन रस्ता-पाण्यासह एकदम बाजारात आली तर दरावर दाब येतो, ते मान्य आहे. पण मोजक्या रुंद रस्त्यांवरच्या मोजक्या प्लॉटना जादा एफएसआय दिल्याने तसं होत नाही.

"घरं लहान होतात तीही एफएसआयमुळेच." जीएसटीचं गणित बघा. बांधकाम चालू असलेल्या घरावर ४५ लाखांपर्यंत १ टक्का, त्यावर गेलं की ५ टक्के. नाशिकसारख्या शहराला कार्पेटची मर्यादा ९० चौरस मीटर आहे, म्हणजे चांगलं साडेनऊशे फुटाचं घरसुद्धा त्यात बसतं, पण ४५ लाखांची रेघ २०१९ ला ओढली ती तिथेच आहे. समजा कार्पेटला फुटामागे ६००० दर आहे, तर ४५ लाखात ७५० फूट मिळतात, तोच दर ८००० झाला की साधारण ५६० फूट. मग बिल्डर दर कमी करण्याऐवजी बेडरूम कापतो. शिवाय कार्पेट वाढलं की पार्किंग जास्त लागतं, तोही खर्च आहेच. लोकांना लहानच घर आवडतं असंही कोणी म्हणू नये, सिडको या सरकारी महामंडळाने वसवलेल्या नाशिकच्या वसाहतीत बघा, सातपूर-अंबड एमआयडीसीच्या कामगारांना हप्त्यात परवडतील एवढीच घरं दिली आणि लोकांनी पैसा आला तसे वर मजले चढवले, परवानगी असो नसो. तरी नाशिकमध्ये कामगाराला स्वतःचं घर मिळालं ते सरकारी नियोजनातूनच, हेही लक्षात ठेवा.

आरक्षणांचं थोडक्यात सांगतो. रस्ता, बाग, शाळेसाठी जागा दिली की मालकाला मोबदल्यात टीडीआर मिळू शकतो, म्हणजे जो जादा एफएसआय तुम्ही मागताय त्याचा एक उगम ही आरक्षणंच आहेत. ती उठवून टीडीआर आणणार कुठून? रस्त्यांसाठीची आरक्षणं उठवली तर वर सांगितलेली ९ मीटरची अडचण कायमचीच झाली. आणि गोदावरीच्या पूररेषेतली बंधनं यात ओढू नका, २००८ चा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना विचारा.

राहिला २० टक्क्यांचा मुद्दा. ४००० चौरस मीटर किंवा त्यावरच्या प्रकल्पात ३० ते ५० चौरस मीटरची घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची, ही आख्ख्या नियमावलीतली थेट सामान्य माणसासाठीची तरतूद. नाशिकमध्ये ती घरं वाटपासाठी म्हाडाकडे येत नाहीत यावरून २०२२ मध्ये विधान परिषदेत गदारोळ झाला होता. जी सक्ती नीट राबवलीच नाही तिच्यामुळे दर वाढले असं कसं म्हणता? मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनी महापालिकेकडे एवढीच मागणी लावून धरावी, की ४००० च्या वरच्या मंजूर प्रकल्पांची यादी आणि प्रत्येकातून म्हाडाला गेलेल्या घरांचा आकडा वेबसाइटवर टाका, आणि ६ व साडेसात मीटरचे कोणते रस्ते ९ मीटर करणार त्याचं वॉर्डनिहाय वेळापत्रक द्या.