प्रवाळभित्तीचा आवाज ही कविकल्पना नव्हे

प्रवाळभित्तीचे आवाज आणि ते स्पीकरवरून ऐकवून मेलेल्या प्रवाळाकडे मासे परत आणण्याचे प्रयोग, यांवर मी लिहिलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. माशांना कानच नसतात, त्यामुळे प्रवाळभित्तीवरचा गजबजाट ही निव्वळ कविकल्पना, असं तुमचं म्हणणं. शिवाय मेलेल्या प्रवाळापाशी स्पीकर लावून मासे बोलावणं म्हणजे त्यांची फसवणूक. समुद्र तापून प्रवाळ मरतोय, त्याचं बोला, हा तिसरा आक्षेप.

माशांना कान असतात, बाहेरून दिसत नाहीत इतकंच. कवटीच्या आत चुन्याचे बारीक खडे असतात. आवाज आला की माशाचं अंग भोवतालच्या पाण्याबरोबर हलतं, जड खडा किंचित मागे राहतो आणि त्याखालच्या पेशींवरचे केस वाकतात. तेच त्याचं ऐकणं.

आणि ऐकण्यासारखं भरपूर असतं. उष्ण कटिबंधातल्या भित्तीजवळ हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडला की आधी कानावर येते सुक्या काटक्या पेटल्यासारखी अखंड तडतड. ती करते जेमतेम काही सेंटिमीटरची एक कोळंबी. तिची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते. ही नांगी इतक्या झपाट्यानं मिटते की पाण्याचा झोत उडतो, तिथला दाब एकदम कोसळतो आणि वाफेचा बुडबुडा तयार होतो. आवाज होतो तो हा बुडबुडा फुटल्याचा, नांगी आपटल्याचा नव्हे. २००० साली अतिवेगवान कॅमेऱ्यानं ते दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्यांना याच तडतडीनं हैराण केलं होतं. मासेही त्यात भर घालतात. क्लाउनफिश जबडा मिटून दात आपटतो, पॅरटफिश प्रवाळ खरवडतो, कित्येक जाती पोटातली हवेची पिशवी स्नायूंनी थरथरवतात.

या आवाजावर पिल्लांचा जीव अवलंबून असतो, आणि मला तेच सांगायचं होतं. भित्तीवरच्या बहुतेक माशांची पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे खुल्या समुद्रात काढतात आणि मग बरेचदा रात्रीच घर शोधत येतात. अंधारात डोळ्यांचा काय उपयोग? ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ संशोधकांनी प्रवाळाच्या तुकड्यांचे ढीग रचून त्यांतल्या काहींपाशी भित्तीचा ध्वनिमुद्रित आवाज लावला. २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता: आवाज असलेल्या ढिगांवर जास्त पिल्लं उतरली.

फसवणुकीचा मुद्दा मात्र मला गंभीर वाटतो. जिथे खायला-लपायला काहीच उरलेलं नाही, तिथे पिल्लांना बोलावणं क्रूरपणा ठरेल. पण २०१७ मध्ये त्याच बेटाजवळ मेलेल्या प्रवाळाच्या ढिगांपाशी ४० दिवस निरोगी भित्तीचा आवाज लावला, तेव्हा तिथले मासे आवाज नसलेल्या ढिगांच्या दुप्पट झाले आणि जातीही दीडपट भरल्या. त्यांत शेवाळ खाणारे मासेही होते. शेवाळ खाल्लं गेलं नाही तर नव्या प्रवाळाला बूड टेकवायलाही जागा मिळत नाही, म्हणून या माशांचं मोल मोठं.

स्पीकरनं पाणी थंड होत नाही, हे अर्थात मान्य. तसा दावा मी केलेलाच नाही. कार्बन उत्सर्जन घटल्याशिवाय प्रवाळाला भवितव्य नाही, यावर आपलं एकमत आहे. पण तोवर बोटींच्या गोंगाटाकडे दुर्लक्ष का करायचं? मोटारबोटींच्या आवाजात डॅम्सेलफिशची पिल्लं शिकारी माशांच्या तावडीत दुपटीहून जास्त सापडतात, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. बोटी भित्तीपासून लांबून नेणं, पिल्लं उतरण्याच्या हंगामात वेग कमी ठेवणं, याला कुठल्या जागतिक कराराची वाट पाहावी लागत नाही.