फँटसीला आधी नियम लागतो, व्हीएफएक्सचं नंतर बघू

आमच्या 'शीव'ची दोन मिनिटांची ओपनिंग बघून बऱ्याच जणांनी मेसेज केले. अर्ध्यांचा सूर एकच: 'भारी झालंय, पण फँटसी ॲक्शन म्हणता, मग व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवरचे इफेक्ट) कुठाय?' प्रत्येकाला इनबॉक्समध्ये तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. पोस्ट लांब आहे. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा आणि नेहमीप्रमाणे विसरून जा.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला असाइनमेंट होती की अख्खी फिल्म नको, फक्त तिची सुरुवात बनवा. जॉनर चिठ्ठ्या टाकून ठरले. हॉररवाल्यांचं बरं असतं, मालवण तालुक्यात पडकं घर शोधायला कष्ट पडत नाहीत. आमच्या वाट्याला फँटसी ॲक्शन आलं. एडिट आणि साउंड माझ्याकडे होतं, त्यामुळे हे सगळं एडिटच्या टेबलावरून दिसतं तसं लिहितेय. डिरेक्टरची बाजू त्याने त्याच्या वॉलवर मांडावी.

तर डिरेक्टरची पहिली स्क्रिप्ट. काळ्या पडद्यावर जड आवाज: 'हजारो वर्षांपूर्वी...' मग झगा घातलेला एक माणूस, डोक्यावरून टोपडं ओढलेलं, हातात चमकणारा मणी, आणि एक भविष्यवाणी. ही स्क्रिप्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक मास मीडियाच्या वर्गात दर वर्षी कुणीतरी लिहितंच. लोक म्हणतात, हे परक्यांकडून उचललेलं आहे म्हणून वाईट. मला ते कारण पटत नाही. उसनवारी सगळेच करतात. माझी तक्रार वेगळी आहे: त्या जगात काहीही होऊ शकतं. मणी हातात आला की नायक जिंकतो. मणी का? लेखकाला वाटलं म्हणून. आणि जिथे काहीही होऊ शकतं तिथे मारामारीला अर्थ उरत नाही. तलवारी खणखणतात आणि बघणारा मोबाइल काढतो.

आता आपल्या गावाकडे बघा. शिवेवर, म्हणजे गावाच्या हद्दीवर, राखणदार (गाव राखणारा देव) असतो. रात्री हातात घुंगुरकाठी घेऊन तो फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, असं ऐकतच आम्ही मोठे झालो. रात्री शीळ घालायची नाही. नवं काम सुरू करताना नारळ-विडा ठेवायचा, देवाला गाऱ्हाणं घालायचं, जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हे का, ते कुणी समजावून सांगत नाही, पण मोडलं तर काय होईल ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, माझा अर्धामुर्धा आहे. पण गोष्ट रचणाऱ्याला याहून पक्कं सामान कुठे मिळणार? जग उभं राहतं ते असल्या नियमांवर, आणि नियम मोडला की तिथून ॲक्शन सुरू होते.

आमचा नियम सापडला तो मात्र शूटिंगची वेळ ठरवताना. डिरेक्टरला सूर्यास्त हवा होता आणि मोकळी, लांबलचक वाळूही हवी होती. किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाली होती, एक काका जाळं नीट करत बसले होते. त्यांना विचारलं, उद्या संध्याकाळी किती वाळू मिळेल? त्यांनी मान वर न करता सांगितलं, "उद्या दशमी मा? धाचा पाऊणपट कर. साडेसात. साडेसाताक पाणी माडाच्या मुळाक लागतला. खय धावतलास तू?"

ज्यांना हे गणित माहीत नाही त्यांच्यासाठी: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराच्या आसपास ओहोटी. पुनवेला आणि अवसेला भरती अकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. त्यात पुनव-अवसेला उधाण, पाणी वर जितकं चढतं तितकंच खाली लांब जातं. म्हणजे सूर्यास्त आणि सगळ्यात जास्त वाळू एकाच वेळी हवी असेल तर पुनव किंवा अवस धरायची. दुसरा मुहूर्त नाही. शेड्यूल तिथीवर लावलं.

आणि त्याच बोलण्यातून गोष्ट निघाली. गावाची शीव तीन बाजूंनी ठरलेली असते, ओहोळ, वड, दगड. समुद्राच्या बाजूला काय? पाण्याची रेघ. म्हणजे ओहोटीला गाव मोठं, भरतीला लहान. दिवसातून दोनदा शीव सरकते! कोरड्यावर राखणदाराचं राज्य, पाण्यात त्या दुसऱ्याचं. बस्स, एवढा एक नियम. मग मणी नको, भविष्यवाणी नको. एक मुलगी ओहोटीला लांब आत खडपावर (खडकांवर) कालवं काढायला गेली आहे, गुडघाभर पाण्यात एक काळी आकृती नुसती उभी आहे, आणि पाणी चढायला लागलंय. काहीही न सांगता बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

काळी आकृती बघून काहींनी विचारलं, हा संकासुर का? हो आणि नाही. वेद चोरून समुद्रात लपलेला शंखासुर पुराणातला, आणि आपल्या दशावतारात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, सुरुवातीच्या आडदशावतारात येऊन मालवणीत टवाळी करणारा तो संकासुर. वेशाचा काळा रंग आम्ही तिथून घेतला. मुखवटा आणि नाव घेतलं नाही, कारण संकासुर दिसला की आपल्याकडची पोरं हसतात, शिमग्यात तर त्याच्या मागे धावतात. खरं तर आधी हसवून मग घाबरवणारा खलनायक मला जास्त आवडला असता. मतदानात हरले.

दशावताराचं नाव निघालंच आहे तर मारामारीबद्दल बोलते, कारण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका दशावतारी काकांनी. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, युद्धही कागदावर नसतं. लाकडी तलवारी, मृदंग, झांज, पायपेटी, आणि समोर रात्रभर जागलेला गाव. काकांनी आमची प्रॅक्टिस बघितली. आमची दोन्ही पात्रं इंटरनेटवर बघून शिकलेल्या वेगात तलवारी फिरवत होती. काका डिरेक्टरला म्हणाले, "रे झिला, तलवार माका दिसलीच नाय. आधी दाखव, मगे मार. नायतर पाठल्या रांगेतलो माणूस झोपतलो."

आधी दाखव, मगे मार. मी ते चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलं. प्रत्येक घावाआधी तलवार वर थांबते, तेवढा अर्धा सेकंद ठेवायचा. मग घाव बसतो त्या जागचे दोन-तीन फ्रेम काढून टाकायचे, म्हणजे तो जड लागतो. लाकडाची तलवार लोखंडाची वाटते ती या काढलेल्या फ्रेममुळे. आजकालच्या ॲक्शनमध्ये कॅमेरा एवढा हलवतात की कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही, आणि त्याला वेग म्हणतात. माझ्या मते ती लपवाछपवी आहे.

मारामारी चिरेखाणीत केली. सड्यावरची (कातळाच्या माळावरची) सोडून दिलेली खाण, जांभ्याच्या उभ्या लाल भिंती, त्यावर चिरे कापल्याच्या आडव्या रेघा, तळाला एका बाजूला घोट्याएवढं पाणी साचलेलं. (खोल पाण्याच्या खाणींकडे शूटिंगसाठी फिरकू नका. दर पावसाळ्यात काय बातम्या येतात ते माहीत आहे ना? आम्ही काठीने तळ चाचपून घेतला आणि पडायच्या जागी पेंढा अंथरला. जांभा अंगाला लागला की सालटं काढतो.) अर्धी खाण कोरडी, अर्धी ओली. नियम तोच: मुलगी कोरड्यावर, तो पाण्यात. सर वर्गात 180 अंशांचा नियम शिकवतात, दोन पात्रांमधल्या रेघेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा, नाहीतर बघणाऱ्याच्या दिशा गोंधळतात. आम्ही ती रेघ पाण्याच्या काठावरच ठेवली. तिचं पाऊल ओल्यात पडलं की काहीतरी बिघडलं, हे पहिल्याच फेरीत कळतं. म्हणून शेवटी तिची टाच पाण्याला टेकते तो शॉट एवढा चालला. त्यात रक्त नाही, स्फोट नाही, एक टाच आहे.

तांत्रिक विचारणाऱ्यांसाठी: बरंचसं फोनवर शूट झालंय. सड्यावरच्या उन्हात फोन स्वतःच शटर 1/2000 सेकंद वगैरे करून टाकतो, कारण बहुतेक फोनच्या भिंगाचं छिद्र बारीक-मोठं होत नाही. मग तलवार झटके खात चालते. सेकंदाला 24 फ्रेम असतील तर शटर 1/50च्या आसपास हवं, त्यासाठी भिंगापुढे एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावा, महाग नसतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. जांभ्याचा लाल उजेड चेहऱ्यावर उडतो आणि फोन तो दर शॉटला वेगळा 'दुरुस्त' करतो. आम्ही 5600 केल्विनला कुलूप लावलं. मुलगी भिंतीजवळ तांबूस, तो आकाशाच्या उजेडात गार निळसर. कलर ग्रेडिंगची निम्मी मेहनत खाणीनेच केली.

आता किनाऱ्यावर ती काळी आकृती गायब होते त्याबद्दल, कारण ते सगळ्यांना व्हीएफएक्स वाटलं. नाही हो. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का, रेकॉर्डिंग बंद, माणूस बाहेर, पुन्हा चालू. सिनेमा जन्मला तेव्हापासूनची युक्ती. दादासाहेब फाळक्यांनी 1919 साली आपल्या छोट्या मंदाकिनीला कृष्ण करून 'कालिया मर्दन' केला, तेव्हा कॉम्प्युटर कुणी बघितला होता? अडचण वेगळीच असते. किनाऱ्यावर माणूस बाहेर गेला की वाळूत त्याची पावलं उरतात. म्हणून आमच्या खलनायकाला पाण्यातूनच, फ्रेमबाहेर होईपर्यंत खेकड्यासारखं आडवं चालत जावं लागलं, अंगावर ओला काळा घोंगडा घेऊन. आणि जोड लाट फुटून फेस होतो त्या क्षणी ठेवला. दोन लाटा सारख्या नसतात, पण फेस सगळा सारखाच दिसतो.

चमकणारे डोळेही केले होते, ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, आमच्यातल्या एकाने रात्र जागून. छान झाले होते. मी कापले. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण डोळे चमकले की बघणारा डोळ्यांकडे बघतो, आणि मला त्याने पाण्याकडे बघायला हवं होतं.

राखणदार आम्ही दाखवलाच नाही. याला अर्धं कारण गोष्टीचं आणि अर्धं गावाचं. मानकऱ्यांना विचारायला गेलो तेव्हा त्यांनी अडवलं नाही, पण 'त्याका सोंग घालू नकात' एवढं म्हणाले. ठीक आहे. मग तो फक्त आवाजात आहे, घुंगुरकाठी डावीकडून उजवीकडे जाते, बस. दुपारचे खारे वारे सुटले की माइकवर वाऱ्याशिवाय काही येत नाही, त्यामुळे जागेवरचा आवाज जवळजवळ सगळा टाकून दिला आणि रात्री आमच्या खळ्यात (अंगणात) नव्याने केला. त्या आकृतीची चाल म्हणजे खळ्यात ओढलेलं सुकं चुडत (माडाची झावळी). तलवार म्हणजे दगडावर ओढलेला कोयता. घुंगुरकाठी ऐकवली तर आजीने टीव्ही बंद केला आणि विचारलं, "ह्या खय रेकॉर्ड केलस?" खळ्यात म्हटलं. त्यावर ती काही बोलली नाही, दार मात्र लावून घेतलं.

कातळशिल्पांपाशी का नाही केलं, हेही विचारतात. कुडोपी आपल्याच तालुक्यात, 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतल्या कोकणच्या कातळशिल्पांत तिचं नाव. राजापूर-रत्नागिरीकडच्या सड्यांवर तर गेंडासुद्धा कोरलेला आहे, जो आता कोकणात औषधालाही सापडत नाही. फँटसीसाठी मोह होणारच. पण तलवारी घेऊन नाचायची ती जागा आहे का? चपला काढून बघायची जागा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याचंही तेच, संरक्षित स्मारक आहे, रीतसर परवानगीशिवाय शूटिंगचा विचारही नको. चिरेखाणी सड्यासड्यावर पडल्यात, मालकाला विचारा आणि घ्या.

प्रेझेंटेशनच्या दिवशी प्रश्न आला, 'प्रेक्षकाला कळणार कसं की हा कोण, ही कोण?' मी म्हटलं, ओपनिंगमध्ये कळायचं नसतंच, पुढचं बघावंसं वाटायचं असतं. जत्रेत आडदशावतार चालू असतो तेव्हा अर्धा गाव खाजाच्या दुकानापुढे असतो, पण मृदंग वाजला की हातातलं खाजं घेऊन परत येतोच ना. मार्क बरे पडले, फार नाहीत. 'जॉनरचे संकेत कमी' असा शेरा आहे. असू दे.

पुढची गोष्ट लिहायला घेतली आहे. डिरेक्टरला मध्यंतरानंतर ड्रॅगन हवाय. मी सांगितलंय, आण, पण तो भरतीला येणार आणि ओहोटीला त्याचं काय होणार ते आधी लिहून दे. परवापासून त्याचा रिप्लाय नाही.