वाइनबॉमची कीर्ती अकाली मृत्यूमुळे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्टॅनली वाइनबॉम या अमेरिकन विज्ञानकथालेखकावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन. ‘ए मार्शियन ओडिसी’ या त्याच्या कथेतलं मंगळाचं विज्ञान साफ चुकीचं आहे. परग्रहवासीयांना स्वतःची बुद्धी देणारा वाइनबॉम पहिला नव्हे, इंग्रज लेखक एच. जी. वेल्स त्याच्या आधीचा. आणि हा माणूस तेहतिसाव्या वर्षी गेला म्हणून त्याचा उदोउदो झाला. मरणोत्तर छापून आलेलं लेखन पाहिलं तर तो ‘पल्प’ म्हणजे स्वस्त करमणुकीच्या मासिकांतल्या इतर लेखकांसारखाच एक.

वेल्सबद्दल तुमचं बरोबर आहे. त्याने चंद्रावरच्या सेलेनाइटांचा अख्खा समाज 1901 मध्येच रचून दाखवला होता. लेखातला ‘पहिला’ हा शब्द काढून टाकतो.

विज्ञानाबद्दल मात्र अर्धंच मान्य करतो. कथेतला जार्विस मंगळावर विरळ हवेत श्वास घेत फिरतो, त्यासाठी पृथ्वीवरच्या कक्षांत सराव करून आलेला असतो. हे शक्य नाही. मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, आणि ती हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड. पण दाबाचा हा आकडा 1965 मध्ये मरिनर 4 यान मंगळाजवळून गेल्यावर पक्का झाला. कथा ‘वंडर स्टोरीज’ मासिकाच्या जुलै 1934 च्या अंकातली. जे तेव्हा माहीत होतं, ते वाइनबॉम काटेकोरपणे वापरतो. यान कोसळल्यावर जार्विस परतीच्या पायपिटीचा हिशेब मांडतो तो भाग पुन्हा वाचा. पाण्याच्या टाकीचं वजन पृथ्वीवर 250 पौंड, मंगळावर 85. त्याचं स्वतःचं 210, तिथे 70. एकूण 155, म्हणजे टाकी पाठीवर घेऊनही तो पृथ्वीवरच्या नेहमीच्या वजनापेक्षा 55 पौंडांनी हलका. म्हणून रोज 40 मैल चालायचं तो ठरवतो. वाइनबॉम विस्कॉन्सिन विद्यापीठात आधी केमिकल इंजिनिअरिंगला होता, नंतर इंग्रजी साहित्याकडे वळला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. ही दोन्ही शिक्षणं त्या परिच्छेदात दिसतात.

त्याच कथेतल्या विटा रचणाऱ्या प्राण्याला तुम्ही ‘पोरकट कल्पना’ म्हटलंत, तिथे माझा ठाम विरोध आहे. मुळात तो रसायनशास्त्रातला साधा प्रश्न आहे. आपलं शरीर कार्बनचं; कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन जो टाकाऊ पदार्थ तयार होतो तो वायू, म्हणून आपण तो श्वासावाटे सोडतो. शरीर सिलिकॉनचं असेल तर? टाकाऊ पदार्थ सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे वाळू आणि गारगोटी ज्याची असते तेच. ते घन. श्वासावाटे सोडता येणार नाही. मग तो प्राणी दर दहा मिनिटांनी एक वीट बाहेर टाकतो, ती स्वतःभोवती रचतो, आत कोंडला गेला की माथा फोडून बाहेर येतो आणि शेजारी नवा पिरॅमिड सुरू करतो. रांगेतले जुने पिरॅमिड इंचांत मोजावेत इतके छोटे आणि पुढचे मोठे होत जातात, कारण प्राणीही वाढत गेलेला असतो. एका रासायनिक फरकातून शरीर, सवय आणि लाखो वर्षांचं वास्तुशिल्प निघतं. खोट काढायचीच तर ती दुसरीकडे आहे: सिलिकॉनचे सिलिकॉनशी होणारे बंध दुबळे, ऑक्सिजनशी होणारे फार घट्ट. त्यामुळे कार्बनसारख्या लांब, गुंतागुंतीच्या साखळ्या टिकत नाहीत. सिलेन हा साधा वायू तर हवेत आपोआप पेट घेतो. हा आक्षेप तुम्ही घेतला असता तर मी मान तुकवली असती.

आता ट्वील, जार्विसला वाटेत भेटणारा मंगळावरचा सोबती. त्या काळच्या अमेरिकन पल्पमध्ये परग्रहवासी बहुतेक वेळा चाल करून येणारा राक्षस तरी असे, नाहीतर नायकाला ज्ञान देणारा वृद्ध. ट्वील दोन्ही नाही. लांब चोच, उंच झेप, आणि उतरताना ती चोच जमिनीत रुतवून थांबणं. जार्विसला त्याची भाषा शेवटपर्यंत येत नाही, कारण एकाच वस्तूचा शब्द दर वेळी बदलतो. ट्वील मात्र मोजके इंग्रजी शब्द आणि जार्विसने शिकवलेली बेरीज एवढ्यावर विचार मांडतो. पिरॅमिडवाल्याबद्दल ‘एक-एक-दोन नाही’: त्याला अक्कल नाही. पिंपासारख्या अंगाच्या, गाडे ढकलणाऱ्या जमातीबद्दल ‘एक-एक-दोन हो, दोन-दोन-चार नाही’: साधी बुद्धी आहे, आपल्याइतकी नाही. आणि आकृतीचा प्रसंग! जार्विस वाळूत सूर्य, बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ काढतो. ट्वील पृथ्वीशेजारी चंद्र काढतो. जार्विस परतल्यावर हे सांगतो तेव्हा कॅप्टन म्हणतो, चंद्र काय, इथून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. जार्विसचं उत्तर: चंद्राचं सोडा, त्याने तो तिसऱ्या ग्रहाला लावला. बुध इथून नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, आणि तो माहीत नसता तर पृथ्वी दुसरी ठरली असती. म्हणजे यांच्याकडे दुर्बिणी आहेत. बुद्धिमत्ता ‘आहे’ असं न सांगता वाचकाला ती ताडायला लावणं, हे मला वाइनबॉमचं खरं काम वाटतं.

तिसऱ्या आक्षेपात तारखांचा घोळ झाला आहे. पहिली विज्ञानकथा जुलै 1934 ची, मृत्यू 14 डिसेंबर 1935 चा, कर्करोगाने. मध्ये सतरा महिने. त्यानंतर आलेली पुस्तकं नंतर लिहिलेली नाहीत. ‘द न्यू अ‍ॅडम’ 1939 मध्ये निघालं, पण लिहिलं गेलं होतं ‘ओडिसी’च्या कितीतरी आधी, ‘डॉन ऑफ फ्लेम’ त्याच्या हयातीत संपादकांनी नाकारलं होतं. प्रकाशनवर्षाच्या क्रमाने वाचलं की लेखक घसरत गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तुम्ही त्याची उमेदवारी शेवटी वाचलीत.

कीर्ती मृत्यूमुळे आली असती तर 1970 पर्यंत विरली असती. त्या वर्षी अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने सदस्यांच्या मतांवरून जुन्या उत्कृष्ट कथांचा संग्रह काढला. असिमोव्हची ‘नाइटफॉल’ पहिली आली, ‘ओडिसी’ दुसरी. मत देणारे स्वतः लिहिणारे होते आणि त्यांतल्या कित्येकांनी वाइनबॉमला कधी पाहिलंही नव्हतं. माणसाइतकाच किंवा जास्त चांगला, पण माणसासारखा नव्हे असा विचार करणारा जीव लिहून आणा, ही जॉन कॅम्पबेल या संपादकाची मागणी प्रसिद्ध आहे. ट्वील त्यात नेमका बसतो, हे असिमोव्ह यांनीही नोंदवलं आहे.

उणिवा आहेतच. ‘ओडिसी’तल्या पुट्झ या जर्मन इंजिनिअरचे मोडके उच्चार हसवण्यासाठी वापरलेत, ते आज कंटाळवाणे वाटतात. त्याच्या शुक्रावरच्या कथांमधली हॅम आणि पॅट या जोडीची लाडिक भांडणं मीही भराभर उलटतो. पण त्याच मालिकेतली ‘द लोटस ईटर्स’ (‘अस्टाउंडिंग’ मासिक, एप्रिल 1935) जरूर वाचा. त्यातली ऑस्कर नावाची वनस्पती माणसाहून हुशार आहे, आणि तिला कसलीच इच्छा नाही. खाणारे प्राणी आले तरी ती स्वतःला वाचवत नाही, कारण वाचण्याचं तिला कारणच वाटत नाही. बुद्धी आणि जगण्याची ओढ या वेगळ्या गोष्टी आहेत हे तिच्याशी झालेल्या प्रश्नोत्तरांतून उलगडतं.

शेवटी तुम्ही विचारलेल्या भाषांतराबद्दल. ट्वीलचं बोलणं ‘एक-एक-दोन’ असंच ठेवा. ‘एक अधिक एक बरोबर दोन’ केलंत की त्याच्या तोंडची लय जाते आणि ते शाळेतलं गणित होतं. पिंपवाल्यांची पोपटपंची ‘आम्ही मि-त्-त्-र!’ अशी अडखळत लिहिता येईल. पुट्झचे उच्चार मराठीत आणायच्या भानगडीत पडू नका.