खुलासा : टॅटू असला तरी रक्तदान करता येतं

‘एकदा टॅटू काढला की जन्मभर रक्तदान बंद’ असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. हे खरं नाही. आपल्याकडचा नियम इतकाच : टॅटू काढल्यावर १२ महिने थांबायचं. भानगड सुईची आहे. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही होऊ शकतो, आणि संसर्ग ताजा असेल तर तो तपासणीत सापडेलच असं नाही. कान टोचले तरी हाच हिशेब. पण त्यावर कोणी मेसेज धाडत नाही!

माझ्या आजीच्या कपाळावर हिरवं गोंदण होतं, तिला कोणी वाया गेलेली म्हटलं नाही. नातीनं मनगटावर फूल काढलं की मात्र काकांना समाज आठवतो.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या वाटेवर गोंदणाऱ्यांपुढे पोरं बाही वर सारून बसतात. हात पुढे, ‘जय भीम’, झालं, पुढचा या. बसा की तुम्हीही. फक्त सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा, शाई नव्या टोपणात ओतून घ्या, आणि पुढे शिबिरात टॅटूची तारीख खरी सांगा.