‘काय खाल्लंस?’ असं विचारायच्या आधी

माझी आई खोटं बोलत नव्हती. हे मान्य करून लिहायला मला वर्ष लागलं, म्हणून आधी तेवढं लिहून टाकतो.

गेल्या वर्षीची भोगी. आम्ही बेळगावात, अनगोळला राहतो. आई 71 वर्षांची, 16 वर्षांपासून शुगर, गेली 4 वर्षं इन्सुलिन. दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांसाठी तिने संध्याकाळी विळीवर गूळ चिरला. संकेश्वरकडच्या गुऱ्हाळातली ढेप होती, मऊ आणि चिकट, बोटांना धरून बसणारी. विळी मिटून ठेवली, हात पदराला पुसले आणि रोजच्यासारखं बोट माझ्यापुढे केलं. मी सॅनिटायझर चोळला, टोचलं, थेंब पट्टीला लावला. मशिनवर आकडा आला 318.

“काय खाल्लंस?” मी विचारलं.

“तिळाएवढं बी तोंडात घातलेलं नाही रे.”

मी ऐकलं नाही. बायकोही म्हणाली, चिरताना एखादा खडा गेला असेल. मुलांसमोर आम्ही तिला बोललो. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं की 250 च्या वर गेलं तर 4 युनिट जास्त द्यायचं. ते मी दिलं. आई काही बोलली नाही, पण तीळ लावलेली बाजरीची भाकरी अर्धीच खाल्ली आणि ताट सारून उठली. इन्सुलिन जास्त, जेवण कमी. रात्री अकराच्या सुमाराला ती घामाने चिंब झाली, हात थरथरायला लागले, मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारायला लागली. तपासलं तर 58. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, परत थोडी दिली. ती शुद्धीत होती म्हणून गिळू शकली. नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही.

कारण कळलं महिन्याभराने, सरकारी दवाखान्यात. आईने बोट पुढे केलं तर सिस्टरनी ते धरलंच नाही. “मोदल कै तोळकोंड बर्री,” म्हणाल्या. आधी हात धुऊन या. मी म्हटलं, स्पिरिट लावा की. तर त्यांनी मान हलवली आणि मोडक्या मराठीत सांगितलं: स्पिरिटनं जंतू मरतात, साखर जात नाही.

घरी आल्यावर मी स्वतःवर करून बघितलं. गुळाचा खडा दोन बोटांत चोळला, रुमालाला पुसला, सॅनिटायझर लावून वाळू दिला. 274. मग साबणाने हात धुतले, कोरडे केले, त्याच बोटाच्या दुसऱ्या बाजूला टोचलं. 106. मला शुगर नाही. मी तिथेच पाटावर बसून राहिलो. आईचे ते 318 त्या संध्याकाळी खरे किती असतील कुणास ठाऊक, पण तेवढे नक्की नव्हते.

हिशेब साधा आहे. आजकालच्या पट्टीला रक्त लागतं एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी. शुगर 100 असेल तर तेवढ्या रक्तात ग्लुकोज असतं एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बोटावर तेवढंच ग्लुकोज वरून असेल तर आकडा दुप्पट होतो. डोळ्यांना दिसणारही नाही एवढी ती गोष्ट. गुळात ग्लुकोज आहे, मधात आहे, द्राक्षांत भरपूर आहे. रक्तातलं कुठलं आणि बोटावरचं कुठलं, हे मशिनला कळत नाही. जपानमधल्या डॉक्टरांनी 2011 साली हेच दाखवून दिलं. शुगर नसलेल्या माणसांना संत्रं, द्राक्ष, किवी सोलायला लावली आणि तशाच बोटांचं रक्त तपासलं, तर आकडे भलतेच चढले. अल्कोहोलच्या बोळ्याने पाच पाच वेळा पुसूनही उतरले नाहीत. नळाखाली हात धुतल्यावर मात्र बरोबर आले.

कोरोनापासून आपल्या घराघरात सॅनिटायझरची बाटली आली आणि हात धुण्याची जागा तिने घेतली. जंतूंसाठी ती चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण तपासणीच्या आधी पाणी आणि साबणच हवा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे मला माहीत आहे, बादल्या भरून ठेवणाऱ्यांतलाच मी. तरी एक तांब्या पुरतो. थंडीत पाणी कोमट घ्या. जानेवारीत म्हाताऱ्या माणसांची बोटं गार पडतात, रक्त येत नाही, मग आपण बोट दाबून दाबून पिळतो, आणि त्या पिळण्यात रक्ताबरोबर मांसातलं पाणी मिसळून आकडा बिघडतो. कोमट पाण्याने हात धुतले, घटकाभर खाली सोडले की थेंब आपसूक येतो. आणि धुतल्यावर कोरडे करायचेच. ओल्या बोटावर रक्त पातळ होतं, आकडा खोटाच येतो, फक्त खालच्या बाजूला. शेतात किंवा बसमध्ये पाणी नसेल आणि बोटांना गोड काही लागलेलं नसेल, तर पहिला थेंब स्वच्छ कापसाने टिपून टाका, दुसरा घ्या. पण ती अडचणीतली सोय आहे, घरची सवय नव्हे.

आणखी एक, थोडं कडक बोलतो, कारण माझ्या घरातच हे चालायचं. गल्लीत कुणाकडे मशिन आहे कळलं की शेजारची माणसं येतात, “आमची पण बघ की जरा.” प्रेमाने येतात, आपणही प्रेमाने बघतो, आणि सुई तीच. पट्टी बदलतो, सुई बदलत नाही. कावीळ ब सारखे आजार असेच एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातात, डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातूनसुद्धा. प्रत्येकाला नवीन सुई हवीच, पण तेवढ्याने भागत नाही, टोचायचं पेनही ज्याचं त्याचं हवं. मी आता शेजाऱ्यांना नाही म्हणतो आणि का ते सांगतो. दोघं-तिघं रागावले. रागावू देत. टोचणाऱ्याचे हातही धुतलेले हवेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मशिन घेतलं तेव्हा दुकानदाराने बॅटरी कशी घालायची ते दाखवलं, हाताबद्दल अवाक्षर नाही. डब्यातला कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. आमच्या भागात कितीतरी आज्या फक्त मराठी वाचतात आणि दवाखान्यातले फलक बहुतेक कन्नडात. शेजारच्या घरातल्या आजी फक्त कन्नड वाचतात आणि त्यांच्या मशिनचाही कागद इंग्रजीतच. भाषेचं भांडण इथे किती जुनं आहे ते मला सांगायला नको. पण ‘हात धुवा, पुसा, मग टोचा’ हे पाच शब्द दोन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक औषध दुकानाच्या काउंटरवर असावेत असं मला मनापासून वाटतं. मी आमच्या मशिनच्या पिशवीवर दोन्ही भाषांत लिहून चिकटवलंय. कन्नड त्या सिस्टरनीच लिहून दिलं.

हा आकडा नुसता आकडा नसतो. त्यावर इन्सुलिन ठरतं, त्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाची इज्जत ठरते. डब्यातला लाडू मोजला जातो, उशीखाली हात घातला जातो. आई नातवंडांसमोर मान खाली घालून बसली होती, ते मी बघितलंय. आता आकडा अचानक चढला की आम्ही एवढंच म्हणतो, हात धुऊन ये, परत बघू. परत चढलेलाच आला तर डॉक्टरांना फोन. तिला जाब नाही.

माफी मी त्याच महिन्यात मागितली. ती म्हणाली, “रात्रीचं साखरपाणी तूच पाजलंस की रे,” आणि विषय संपवला.

यंदाच्या भोगीलाही तिने गूळ चिरला. मग स्वतःच न्हाणीत गेली, साबण लावून बोटांच्या पेरापेरांतून हात चोळले, खुंटीवरच्या धुतलेल्या पंच्याने कोरडे केले आणि करंगळीशेजारचं बोट पुढे केलं. 138.

“आता भाकरी वाढ,” म्हणाली, “अख्खी.”